दीड टक्का

हेरंबची सलाईनची बाटली
मी सव्वा तास हातात धरून उभी होते.
स्टँड सगळे वरच्या मजल्यावर गेलेले.
सिस्टर मॅक्वान म्हणाल्या, हात उंच ठेवा बेन,
खाली आला की नळीत रक्त उलटं चढतं.
खिडकीला गज होते.
गजाला बाटली अडकवायला काही नव्हतं.
कल्पना म्हणतात ती एवढीच.

घरी येऊन धुण्याच्या साबणातून पहिला हूक कोरला,
दुसऱ्या दिवशी त्याचं नाक तुटलं.
मग दांडियाबाजारच्या सुताराकडून लाकडाचा,
मग कॉलेजातल्या एका पोराने
थरावर थर चढवत मशीनवर छापून दिला,
पांढरा, खरखरीत, पोहे वाळवल्यासारखा.
हेरंबने तो बोटात अडकवून पाहिला.
म्हणाला, ताई, बैलाच्या वेसणीसारखा दिसतो,
विकला जाईल.

मकरपुऱ्याला जीआयडीसीत
रमणीकभाई पांचाळांनी तो चष्म्यावरून पाहिला.
ड्राफ्ट क्यां छे?
भिंती तुम्ही अगदी सरळ उभ्या केल्यात.
सरळ भिंतीची वस्तू साचा सोडत नाही, बेन,
एखादा अंश कलायला हवी,
निघणाऱ्याला वाट द्यावी लागते.
(ते साच्याबद्दलच बोलत होते.)
मग हूक त्यांनी टेबलावर आडवा झोपवला.
असा झोपला की दोन पाट्यांत मावतो,
सरकता भाग नको, चाळीस हजार वाचले.
मी तीन महिने त्याला उभाच पाहत होते.

आणि दाणा थंड होताना आकसतो, म्हणाले,
शंभराला दीड, कधी जास्त.
म्हणून पोलादात पोकळी तेवढी मोठी कापायची.
जे कमी होणार ते आधीच धरून चालायचं.
मी वहीत लिहून घेतलं: दीड टक्का.
हेरंब त्या आठवड्यात बेचाळीस किलो होता.

साच्याचे एक लाख साठ हजार.
बुलेट विक, तोच म्हणाला.
गिऱ्हाइकाला किल्ली देताना
टाकीवरून एकदा हात फिरवला, धूळ पुसल्यासारखा.

साचा अकराव्या आठवड्यात झाला.
हेरंब नवव्यात.

ट्रायलच्या दिवशी पाऊण तास तर
बॅरल तापायलाच लागला.
पहिला शॉट अर्धाच भरला, नाकाशिवाय.
दुसऱ्याला कडेने पापुद्रा आला.
सत्येंदर मशीनशी भोजपुरीत काही बोलला,
दाब कमी केला, वेळ वाढवली.
आठव्याच्या पाठीवर खळगा:
जाड जागा उशिरा थंड होते,
आतून ओढून घेते स्वतःला.
रमणीकभाईंनी साचा उतरवला,
पाठ आतून पोखरून दोन फासळ्या ठेवायच्या ठरवल्या.
चार दिवस गेले. चार दिवस मी
चुकलेल्या तुकड्यांची पिशवी घरी आणून
ओट्यावर ओतत बसले. कुठलाही फेकवेना.

सत्ताविसावा चांगला निघाला.
कोमट होता. हातात धरला तोपर्यंत
आकसतच होता म्हणे, दिसत नव्हतं.
त्याला पाण्याची बादली रात्रभर टांगली.
सकाळी बादली तिथेच होती.

दोनशे हूक घेऊन वॉर्डात गेले.
महिन्याने पाहायला गेले, तर
एकाला टिफिनची पिशवी, दुसऱ्याला ओला टॉवेल,
तिसऱ्याला कुणाचा तरी बारका रेडिओ,
गरब्याची गाणी कुजबुजत.
सलाईन एकाही हुकाला नव्हती.
नवीन स्टँड आले ना, सिस्टर मॅक्वान म्हणाल्या,
पण तुमचे हूक कुणी परत करू देत नाहीत.

कोपऱ्यातल्या खाटेजवळची बाई
कांद्याची जुडी असावी तशी
औषधांची पिशवी सुतळीने गजाला बांधत होती.
आमच्याकडे बसत नाही तो, म्हणाली,
इकडचे गज चौकोनी आहेत.

पर्समधून मी व्हर्निअर काढला.
तेरा पूर्णांक दोन.
रंग दिलेला आहे, तो खरवडून पुन्हा मोजला.